वृषभ राशीतील तारे आणि आपली पेरणी

राशी म्हटले की वर्तमानपत्रातील भविष्य आठवते. त्या भविष्याशी ख्रिस्ती माणसाला काही कर्तव्य नाही. पण ताऱ्यांची ओळख करून घेण्यात गैर ते काय? ईयोब आणि आमोस यांच्या पुस्तकांत कृत्तिका व मृगशीर्ष यांचा उल्लेख देवाची निर्मिती म्हणून आलाच आहे.

डिसेंबरच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास सोनागिरीच्या दिव्यांपासून दूर, शेतावर उभे राहून थेट वर पाहावे. सहा बारीक ताऱ्यांचा झुबका दिसेल, त्या कृत्तिका. भोपाळहून त्या जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातात. त्यांच्या आग्नेयेस ठळक, तांबूस तारा दिसतो तो बैलाचा डोळा, म्हणजे रोहिणी. रोहिणी आपल्यापासून सुमारे 65 प्रकाशवर्षे दूर आहे, तर कृत्तिका सुमारे 440.

ग्रीक लोक म्हणत की युरोपा राजकन्येला पळविण्यासाठी झ्यूस देवाने या बैलाचे रूप घेतले. आपल्याकडील पुराणात दक्षाच्या 27 मुली चंद्राला दिल्या, पण तो एकट्या रोहिणीपाशीच रमला, म्हणून दक्षाच्या शापाने त्याला क्षय जडला. चंद्र कधी कधी रोहिणीला अगदी झाकून टाकतो. कथा रचणाऱ्यांनी ते पाहिलेले असावे.

आता शेतीचे. सूर्य 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात आणि 8 जूनच्या सुमारास मृगात जातो. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे या तारखा ऋतूंच्या मानाने दर 72 वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, आजच्या दिनदर्शिकेने मोजल्यास मृग मेच्या तिसऱ्या आठवड्यातच लागत असे. पाऊस मात्र तेव्हाही नक्षत्राला बांधलेला नव्हता. शिवाय भोपाळला तो कोकणापेक्षा उशिराच पोचतो.

म्हणून मृग लागला एवढ्यावर तिफण काढू नये. पहिल्या सरीवर पेरले आणि पुढे उघडीप पडली, की बी करपते. दुबार पेरणीचे बियाणे कर्जाने आणावे लागते. सोयाबीन सुमारे 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापसा पाहून पेरावे, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. सरळ बाजूंचा रिकामा डबा उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी आतले पाणी पट्टीने मोजून लिहावे व ओतून टाकावे. बेरीज दहा सेंटिमीटर झाली की बियाण्याचे पोते उघडावे.