जुना लॅपटॉप, नवी ऑपरेटिंग सिस्टीम

आजचा विषय तांत्रिक आहे, पण घाबरू नका. घरातल्या कुणालाही जमेल असंच काम आहे. कागद-पेन मात्र जवळ ठेवा, कारण मध्ये मध्ये काही आकडे आणि बटणांची नावं येतील.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करते. आमची धाकटी नववीत गेली आणि शाळेच्या कामासाठी तिला स्वतःचा लॅपटॉप हवा झाला. नवा घ्यायचा तर दीड-दोन हजार दिरहॅमचा खर्च. तेवढ्यात बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. एक कुटुंब कायमचं भारतात परत चाललं होतं. सोफा, वॉशिंग मशीन, मुलांची सायकल आणि एक लॅपटॉप विकायला होता. इथे हे नेहमीचंच आहे. व्हिसा रद्द करायची तारीख ठरते आणि दहा वर्षांचा संसार आठवड्याभरात विकावा लागतो. आम्ही चारशे दिरहॅमला लॅपटॉप घेतला.

घरी आणून चालू केला. वरवर सगळं स्वच्छ दिसत होतं. मग मुलीने डी ड्राइव्ह उघडला आणि मला हाक मारली. आत 'स्कॅन' नावाचा फोल्डर होता. चौघांचे पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, घरभाड्याचा करार. शेजारी फोटोंचा फोल्डर. मी तिला तिथेच थांबवलं. दुसऱ्याच्या घरात चुकून पाऊल पडलं तर आपण कपाटं उघडत नाही.

त्या गृहस्थांचा इथला नंबर बंद झाला होता. ग्रुपमधून भारतातला नंबर मिळवून फोन केला. ते म्हणाले, "ताई, मी तर फॉरमॅट करून दिला होता." केला होता, पण फक्त सी ड्राइव्ह. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "त्यात मुलाच्या बारशाचे फोटो आहेत का हो? आमची हार्ड डिस्क सामानात आपटली, उघडतच नाही." फोटो होते. मी ते पेन ड्राइव्हवर घेतले आणि पुण्याला निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर पाठवले. लॅपटॉप आणल्या आणल्या आम्ही सगळं पुसायचं बटण दाबलं असतं, तर त्या फोटोंची शेवटची प्रत आमच्याच हातून गेली असती.

म्हणून आजचा पहिला नियम: डिस्क पुसण्याआधी आत काय आहे आणि ते कुणाला हवं आहे का, हे विचारा.

आता मूळ मुद्दा: नवी सिस्टीम टाकायची कशाला?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीन आणि आपण यांच्यातला कारभारी. कीबोर्ड, पडदा, वायफाय, फायली या सगळ्यांकडून तो काम करून घेतो. त्याला वेळोवेळी सुरक्षेच्या दुरुस्त्या लागतात. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षेची एक योजना आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करणं म्हणजे कुलूप मोडलेल्या दाराआड दागिने ठेवणं.

मग विंडोज ११ टाकावी का? ती प्रत्येक जुन्या मशीनवर चालत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. पिढी ओळखणं सोपं आहे. नावातल्या रेघेनंतरचा आकडा पाहा. आय५-६३००यू म्हणजे सहावी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी आणि आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. बर दुबईत खालिद बिन वलीद रस्त्यावरच्या संगणकांच्या दुकानांत जा किंवा ऑनलाइन जाहिराती बघा, घासाघीस करण्याआधी हा आकडा विचारा. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन स्वस्त मिळतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

काही जण अशा मशीनवर आडवाटेने विंडोज ११ घालून देतात. ती चालते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि कुणी "सगळं ॲक्टिव्हेट करून देतो, फुकट" म्हणालं, तर नमस्कार करून बाहेर पडा. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि यूएईत कॉपीराइटचा कायदा आहे. २०२१ साली तो नव्याने करण्यात आला.

तिसरा रस्ता: लिनक्स

१९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हा प्रकल्प सुरू केला. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. त्याचे अनेक अवतार आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट सोपा जातो, कारण खाली डावीकडे मेन्यू आणि खाली पट्टी हे सगळं ओळखीचं दिसतं. तो कायदेशीररीत्या फुकट आहे. त्याला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. आरामात काम करायचं तर ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा असावी.

पण आधी शाळेला विचारा. झूम, टीम्स, गूगलची कामं ब्राउझरमधून होतात. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस मिळतं. मात्र परीक्षेसाठी काही शाळा जे खास ब्राउझर वापरतात, ते कधी कधी फक्त विंडोज किंवा मॅकवरच चालतात. आमच्या शाळेने हरकत घेतली नाही, म्हणून आम्ही मिंट निवडला.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा

पहिली, कुलूप. कंपन्यांनी काढून टाकलेल्या मशीनवर कधी कधी बायोसचा पासवर्ड राहिलेला असतो. काही मशीन कंपनीच्या नावावरच नोंदलेली असतात. विंडोज नव्याने टाकली की ती कंपनीचं लॉगिन मागतात. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर बायोस उघडून पाहा. दुसरी, डिस्क. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी घाला. जुन्या मशीनचा वेग वाढवणारा यापेक्षा चांगला खर्च नाही.

आता प्रत्यक्ष काम. कागद-पेन घ्या.

एक. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.

दोन. मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. फाइलबरोबर आकडे-अक्षरांची एक लांब खूण दिलेली असते. उतरवलेल्या फाइलची खूण तिच्याशी जुळवून पाहा. हा कंटाळवाणा वाटणारा टप्पा सोडू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि काही काळ लोकांना भेसळ केलेली फाइल मिळत होती. ज्यांनी अस्सल खुणेशी ताडून पाहिलं, त्यांना फरक कळला.

तीन. रूफस किंवा बॅलेना-एचर या मोफत प्रोग्रॅमने ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही.

चार. लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९.

पाच. आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच सुरू होईल. डिस्कला अजून हातही लागलेला नाही. वायफाय जोडून पाहा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, झाकण मिटून पुन्हा उघडा. काही बिघडलं तर इथूनच परत फिरता येतं. ही सोय फार मोलाची आहे.

सहा. सगळं ठीक वाटलं तर 'इन्स्टॉल'वर जा. चार्जर जोडलेला हवा. बाहेरची हार्ड डिस्क जोडली असेल तर काढून ठेवा, म्हणजे चुकून ती पुसली जाणार नाही. मग प्रश्न येतो: जुन्या सिस्टीमच्या शेजारी ठेवायची की डिस्क पूर्ण पुसायची? इथे हात थांबवा, डिस्कचं नाव आणि आकार वाचा. माझ्याकडून विचाराल तर या पडद्यावर पाच मिनिटं गेली तरी चालतील. इथेच डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्यायही मिळतो. तो घेतलात तर लॅपटॉप चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय फायली वाचता येत नाहीत. पासवर्ड मात्र विसरू नका, मागचं दार नाही.

सात. वेळेसाठी दुबई निवडा. कीबोर्डवर अरबी अक्षरं छापलेली असली तरी इंग्रजी लेआउट निवडता येतो. शेवटी पेन ड्राइव्ह काढा, मशीन पुन्हा सुरू करा आणि आलेले सगळे अपडेट घाला.

आणि मराठी?

कीबोर्डच्या यादीत मराठीचे इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार असे दोन्ही प्रकार मिळतात. मुलांना इनस्क्रिप्ट शिकवलंत तर विंडोजवरही तीच बटणं कामी येतात. त्यात शिफ्ट धरून एन दाबलं की ळ येतो आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. हा दुसरा लक्षात ठेवा. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. एका बटणाने जेवणाचं आमंत्रण भलत्याच घरी जायचं. आमच्या लेकीने या लॅपटॉपवर लिहिलेलं पहिलं पत्र साताऱ्याच्या आजीला गेलं. त्यातला 'साताऱ्याला' तिने चौथ्या प्रयत्नात बरोबर लिहिला.

जाता जाता

हे सगळं करताना मला आठवलं की तीन वर्षांपूर्वी आम्हीही एक लॅपटॉप विकला होता. डेस्कटॉपवरच्या फायली डिलीट केल्या, कचरापेटी रिकामी केली आणि देऊन टाकला. डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात, आणि त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत ती वाचता येऊ शकतात. आमचे पासपोर्ट त्यात होते. तो आता कुणाकडे आहे, मला माहीत नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये. विकण्याआधी फोटो दोन ठिकाणी ठेवा आणि दोन्ही उघडून पाहा. मग विंडोजच्या 'रीसेट'मध्ये सगळं काढून टाकण्याचा पर्याय घ्या, आणि त्यातच ड्राइव्ह स्वच्छ करण्याची सेटिंग चालू करा. एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळे निवडा, नुसता सी नाही. या कामाला काही तास लागू शकतात. विमानाच्या आदल्या रात्री ते होत नाही, म्हणून सामानाच्या यादीत ते वजनकाट्याच्याही आधी लिहा.

चारशे दिरहॅमचा तो लॅपटॉप आता आमच्या जेवणाच्या टेबलावर असतो. पुण्याहून मात्र एक फोटो परत आला. बारशाचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलेला, आणि खाली तो मुलगा उभा, आता सात वर्षांचा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार.