उजेडाचे थेंब आणि पिंगळा

सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली की गावाबाहेरच्या म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत आधी दोन पांढऱ्या भुवया दिसतात, मग पिवळेजर्द डोळे. पिंगळा. जेमतेम वीतभर पाखरू, पण फांदीवर येऊन असं रोखून बघतं की आपणच त्याच्या हद्दीत आगाऊपणा केल्यासारखं वाटतं. मी फ्लॅश मुद्दाम घरी ठेवून आलेलो असतो.

आता उजेडाचा हिशोब बघा. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. या घटकेला उरतो तीन-चार लक्स, म्हणजे जवळजवळ तीस हजार पट कमी. उन्हात एफ/१६ आणि आयएसओ १०० ठेवून सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो निघतो. इथे लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडली आणि आयएसओ ६४०० वर नेला, तरी शटर सेकंदाच्या सहाव्या-आठव्या भागावर रेंगाळतं. पौर्णिमेच्या चांदण्यात तर याच मापांवर दीड-दोन सेकंद लागतात.

इतका वेळ जिवंत पक्षी हलायचा थांबेल? पिंगळा हे छोटं घुबडच, आणि घुबड थांबतं! त्याचे डोळे चेंडूसारखे गोल नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि हाडांच्या कड्यांनी जागच्या जागी घट्ट बसवलेले असतात. आपल्यासारखी तिरकी नजर टाकायची सोयच नाही. बघायचं तर अख्खं डोकं वळवायचं. मानेत १४ मणके (आपल्याला सातच), त्यामुळे ते २७० अंशांपर्यंत वळतं. पिंगळा समोर बसून डोकं वरखाली करतो, ती चेष्टा नव्हे, मोजमाप आहे. डोकं हललं की जवळची फांदी लांबच्या झाडापेक्षा जास्त सरकल्यासारखी दिसते, त्यावरून अंतर कळतं. अंतर कळलं की पुतळा. तिपाईवरचा कॅमेरा आणि हातातला रिमोट यांना तेवढाच वेळ हवा असतो.

फोटो मोठा करून बघितला की मात्र तो रवाळ दिसतो, आणि बघणारा म्हणतो, कॅमेरा बदला. दोष बराचसा कॅमेऱ्याचा नसतोच. वळवाचे पहिले थेंब फरशीच्या अंगणात पडताना आठवा. दर फरशीवर सरासरी चार थेंब पडले, तर एखादीवर दोन असतात, शेजारचीवर सहा. पावसानं जोर धरला आणि सरासरी शंभरावर गेली, तर फरक साधारण दहाचा राहतो. चारात दोन म्हणजे निम्मा, शंभरात दहा म्हणजे दहावा हिस्सा. उजेडही असाच कणाकणानं, वेडावाकडा पडतो. रवाळपणा त्या थेंबांचा आहे. जगातला सर्वांत महाग कॅमेराही न पडलेले थेंब मोजू शकत नाही.

मग एकच उपाय उरतो: चार फरश्यांची मिळून एक धरायची. बारकावा जातो, उजेड हाती लागतो. डोळ्याचा पडदा हेच करतो. अंधारात काम करणाऱ्या कितीतरी पेशी एकाच मज्जातंतूला जोडलेल्या असतात, घुबडाच्याही आणि आपल्याही.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच. ब्रिटिश संशोधक ग्रॅहम मार्टिन यांनी १९७० च्या दशकात युरोपातल्या टॉनी घुबडाची नजर मोजली. त्याचा डोळा म्हणजे एफ/१.३ ची लेन्स, माणसाचा एफ/२.१ च्या आसपास. अंधुक उजेडातली घुबडाची संवेदनक्षमता आपल्यापेक्षा सरासरी निघाली अवघी अडीच पट! बाकीचा कारभार ओळखीच्या फांद्यांवर आणि कानांवर. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीत नसतात. त्यामुळे पाचोळ्यातल्या उंदराचा आवाज खालून येतोय की वरून, हे त्याला कळतं आणि मिट्ट काळोखातही झडप चुकत नाही.

म्हणजे बॅटरी विझवून अर्धा तास गप्प बसलात, तर तुमचे डोळेही त्याच्या पंगतीला बसतात. विजेच्या खांबाखाली किडे टिपायला पिंगळा हमखास येतो, तिथला उजेड फुकट वापरा. ढोलीत पिल्लं असतील तर लांबच थांबा, आणि मोबाइलवर त्याची साद वाजवून त्याला फसवू नका.

अशाच एका संध्याकाळच्या माझ्या चाळीस फोटोंपैकी तीन धड आले. तिन्हीत पिंगळा माझ्याकडे बघत नाहीये.