बरोबरीची जोड : खेळ, प्रेक्षक आणि खेळाडूची मजुरी



जत्रेतल्या फडात कुस्ती लावताना जाणते पंच आधी जोड पाहतात. वजन, वय, तालीम यांचा मेळ बसला तरच कुस्ती लागते. विजोड कुस्ती लागली की फडच ओरडतो. कारण निकाल आधीच ठाऊक असेल तर उन्हात बसायचे कशाला? व्यावसायिक खेळाचे सारे अर्थशास्त्र या एका प्रश्नात आहे.

शेजारची गिरणी बुडाली तर गिरणीमालकाचा फायदा होतो. खेळाच्या संघाचे तसे नाही. सामना हा माल दोघांनी मिळून तयार होतो. प्रतिस्पर्धी पार दुबळा झाला, तर जिंकणाऱ्याचाही गल्ला रिकामा राहतो.

आपल्या कबड्डीचेच उदाहरण घ्या. 2014 साली 8 संघांनिशी प्रो कबड्डी सुरू झाली. 2017 पासून संघ 12 झाले. खेळाडूंचा लिलाव होतो आणि प्रत्येक संघाच्या खर्चाला सारखीच मर्यादा असते. दहाव्या हंगामात ती 5 कोटी रुपये होती. तेलुगू टायटन्सने त्यातले 2 कोटी 60 लाखांहून अधिक एकट्या पवन सेहरावतवर खर्च केले. पुढे 22 सामन्यांत त्यांचे विजय 2, आणि जागा शेवटची! त्या हंगामाचे अजिंक्यपद 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने मिळवले.

खेळाचे नियमही दुबळ्याला हात देतात. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला पकडले, तर एक गुण जादा मिळतो. म्हणून मागे पडलेल्या संघाची आशा टिकते, आणि प्रेक्षकही जागेवरून उठत नाही.

मर्यादा घातली म्हणजे सगळे सारखे होतात, असे मात्र नाही. पाटणा पायरेट्सने 2016 व 2017 मध्ये लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळवली. प्रदीप नरवालने 2017 च्या एका हंगामात चढाईचे 369 गुण घेतले. असा पराक्रम पाहायलाही लोक येतातच. परंतु पुढच्या सहा हंगामांत, म्हणजे 2024 पर्यंत, सहा निरनिराळे विजेते झाले. दार सर्वांना उघडे राहिले, एवढे खरे.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. मजुरीला कमाल मर्यादा म्हटली की कामगार चळवळीतल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. संघांच्या समतोलासाठी लावलेली ही मर्यादा मालकाच्या खर्चालाही लगाम घालते. मग वाचलेला पैसा कोणाचा? अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंनी 1983 साली याचे उत्तर दिले. त्यांच्या संघटनेने मर्यादा मान्य केली, पण बदल्यात ठरावीक उत्पन्नाचा 53 टक्के वाटा करारात लिहून घेतला. उत्पन्न वाढले की मर्यादाही वाढणार!

चढाई करणाऱ्याचे अंग काही वर्षांतच थकते. गुडघा एकदा गेला की लिलावात त्याला कोण विचारतो? म्हणून मर्यादा असावी, पण ती ठरवताना खेळाडूंची संघटना समोर बसलेली असावी. जोड मैदानात बरोबरीची हवी, तशी वाटाघाटीतही हवी.