पारदर्शक अलाइनर आणि मुलांचे उच्चार : शिक्षक-पालकांसाठी



दातांना तारा लावल्या की त्या सगळ्या वर्गाला दिसतात. दोन दिवस चिडवाचिडवी होते, मग विषय संपतो. पारदर्शक अलाइनरचं तसं नसतं. तो दिसू नये म्हणूनच तर घेतलेला असतो. पण तो ऐकू येतो! कालपर्यंत स्वच्छ वाचणारी मुलगी आज ‘स’ म्हणताना थोडी शिटी वाजवते, ‘चांगला’ म्हणताना अडखळते. कारण कुणालाच दिसत नाही, त्यामुळे वर्ग हसतो आणि आपल्याला वाटतं, हिचं लक्ष नाही. मग ती हात वर करणं सोडते. उच्चारातला फरक थोड्या दिवसांत जातो, पण गप्प बसण्याची सवय मात्र लवकर जात नाही. म्हणून हा विषय डॉक्टरांइतकाच आपलाही आहे.

अलाइनर म्हणजे काय?

दातांच्या मापाने बनवलेलं, मिलिमीटरपेक्षाही पातळ असं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण म्हणजे अलाइनर. बोलीत आपण त्याला ‘ट्रे’ म्हणतो. वरच्या दातांना एक, खालच्या दातांना एक. एक जोडी साधारण एक ते दोन आठवडे घालायची, मग पुढची. प्रत्येक ट्रे दाताला फार तर पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवतो. काही दातांवर दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, म्हणजे ट्रेची पकड नीट बसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने ही पद्धत ‘इनव्हिजलाइन’ या नावाने रूढ केली. आज अनेक कंपन्या असे ट्रे बनवतात.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की ट्रे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा. काढायचा तो फक्त खाताना आणि दात घासताना.

उच्चार का बदलतो? वर्णमालाच सांगते

आपल्याला बाहेरून काही शिकायची गरज नाही. व्याकरणाच्या तासाला आपण उच्चारस्थानं शिकवतो, तीच समोर ठेवू या.

*कंठ्य (क, ख, ग, घ)* : जिभेचा मागचा भाग काम करतो. ट्रे तिथवर पोहोचतच नाही, म्हणून काही अडचण नाही.

*मूर्धन्य (ट, ठ, ड, ढ, ण आणि आपला ळ)* : जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं. अलाइनर टाळू झाकत नाही, त्यामुळे ही अक्षरं बहुतेक सुखरूप असतात.

*ओष्ठ्य (प, ब, म)* : ओठांचं काम. पहिले एक-दोन दिवस ओठ मिटताना जड वाटतं, एवढंच. ‘व’ आणि ‘ऑफिस’मधला ‘फ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाजवळ येतात, तिथे किंचित फरक पडू शकतो.

*दंत्य (त, थ, द, ध, न, ल, स)* : खरा प्रश्न इथे आहे. जीभ दाताला लागायला जाते आणि तिला लागतं प्लॅस्टिक. त, द ही अक्षरं तरी निभावून जातात, कारण तिथे जीभ टेकवून सोडायची असते. ‘स’चं काम मात्र नाजूक. जिभेच्या मधोमध बारीक पन्हळ तयार होते, त्यातून हवेचा झोत पुढच्या दातांवर आदळतो आणि ‘स्स्’ असा आवाज येतो. दातांमागे प्लॅस्टिकची कड आली, वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर थोडं बदललं, की हा झोत भलत्या वाटेने जातो. मग ‘स’ कधी ‘थ’कडे झुकतो, कधी त्यात शिटी येते. ‘श’चंही थोडंफार असंच होतं.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना हे अगदी ओळखीचं आहे. पुढचे दुधाचे दात पडले की मुलं ‘स’ म्हणताना फुसफुसतात. जीभ थोड्या दिवसांत नवी जागा शोधते, नवे दात आले की पुन्हा शोधते. अलाइनरच्या वेळीही जिभेला हेच करायचं असतं. फरक इतकाच, की सहा वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही आणि चौदा वर्षांच्या मुलाला खूप वाटतं.

मराठीची खास अडचण : दोन प्रकारचे च, ज, झ

इंग्रजी माहितीपत्रकांत ‘एस’, ‘एसएच’ असे आवाज सांगितलेले असतात. आपल्या मुलांना त्याखेरीज आणखी एक डोंगर चढायचा असतो. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, पण लिहिताना आपण एकच अक्षर वापरतो. ‘चार’ ही संख्या म्हणताना च तालव्य असतो. ‘गुरांना चार’ म्हणताना तोच च दंततालव्य होतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणं, यांतला फरकही असाच आहे. दंततालव्य च म्हणजे जवळजवळ ‘त’ आणि ‘स’ झटकन एकत्र. जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि घासत सुटते. ट्रेची कड नेमकी तिथेच असते!

बरं, हा च टाळून मराठी बोलता येत नाही. ‘घरचा’, ‘शाळेचं’, ‘मीच’, ‘माझा’, ‘जवळ’, ‘झाड’, ‘चूल’ असे शब्द जवळजवळ दर वाक्यात असतात. मुलगा इंग्रजीच्या तासाला बरा बोलतो आणि मराठीच्या तासाला अडखळतो, असं दिसलं तर त्याचं कारण हे असू शकतं. त्याला मराठी येत नाही असं लगेच समजू नका.

सरावासाठी आपल्या लोकलची स्टेशनं

सरावाला वेगळं पुस्तक नको. सीएसएमटीहून दादरकडे निघा आणि गाडीतल्या घोषणेसारखं मोठ्याने म्हणा : सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर.

आता मुलांनाच विचारा, कुठलं स्टेशन अवघड गेलं? सीएसएमटीत दोन ‘स’. सँडहर्स्टमध्ये एक ‘स’ सुरुवातीला आणि एक जोडाक्षरात अडकलेला. भायखळा आणि परळ ही विश्रांतीची स्टेशनं. आणि चिंचपोकळी तर या सरावाची राणी! पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य आणि शेवटी ळ. एका शब्दात जीभ तीन ठिकाणी फिरते. चिंचपोकळी स्वच्छ म्हणता आलं की पुष्कळ काम झालं.

पुढच्या पायरीला हे घ्या :

१. घरचा – घरची – घरचे. माझा – माझी – माझे. इथे एकाच शब्दाच्या रूपांत च आणि झ जागा बदलतात. हळू म्हणा, मग वेग वाढवा.

२. माझगाव, काळाचौकी, सात रस्ता, शिवाजी पार्क, गिरगाव चौपाटी.

३. रोज दहा-पंधरा मिनिटं कुठल्याही पाठ्यपुस्तकातला उतारा *मोठ्याने* वाचायचा. मनातल्या मनात वाचून जीभ शिकत नाही. आपला आवाज कानावर पडला की मेंदू जिभेची जागा दुरुस्त करत जातो.

४. फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि चार दिवसांनी पुन्हा करा. बहुतेक वेळा मुलाला जितकं वाईट वाटत असतं, तितकं ते ऐकू येत नाही. हे त्याने स्वतःच ऐकलेलं बरं.

गणपतीत घरोघरी आरत्या म्हणताना ट्रे काढू नका, खणखणीत म्हणा. मोदक खाताना मात्र काढायचा, आणि दिवसभर थोडं थोडं खात राहायचं नाही. लालबाग-परळच्या मुलांसाठी हे दहा दिवस म्हणजे ट्रेची खरी परीक्षा!

किती दिवस लागतात?

बहुतेकांना काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सवय होते. सुरुवातीला तोंडात लाळही जास्त येते, तीही कमी होते. नवी जोडी घातल्यावर एखादा दिवस पुन्हा जड जातो, पण पहिल्या वेळेइतका नाही. टाळूवर प्लॅस्टिकची प्लेट येणारी जुनी काढ-घाल क्लिप किंवा दातांच्या आतल्या बाजूने लावलेल्या तारा यांच्यापेक्षा अलाइनरमुळे बोलण्यात सहसा कमी अडथळा येतो.

शाळेत ट्रे काढून ठेवला तर?

मुलांना सुचणारा सोपा उपाय हाच असतो. हिशोब करू या. दिवसाचे २४ तास. शाळेचे ६ गेले, उरले १८. घरचं खाणं आणि दात घासणं यांत २ तास धरले, तर उरले १६. हवे होते किमान २०. असं रोज झालं तर दात ठरल्याप्रमाणे सरकत नाहीत, पुढचा ट्रे नीट बसत नाही आणि उपचार लांबतो. शिवाय सवय व्हायला जी वेळ हवी, तीच वाया जाते. बोलणं सुधारावं म्हणून ट्रे काढला, की ट्रेसकट बोलणं कधीच सुधारत नाही.

शिक्षकांनी काय करावं

- पालकांनी कळवलं असेल तर ते आपल्यापुरतं ठेवा. मुलाने अलाइनर लपवायचं ठरवलं असेल, तर वर्गात जाहीर करणं त्याच्यावर सोपवा.
- वाचताना ‘नीट बोल’ म्हणून मध्येच थांबवू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या.
- प्रकट वाचनाची पाळी चुकवू नका. पहिल्या आठवड्यात छोटा उतारा द्या, पण द्या.
- कुणी ‘बोबडा’ म्हणालं तर उच्चारस्थानांचा धडा तिथेच घ्या. प्रत्येकाने जिभेचं टोक दाताला लावू न देता ‘सात साप’ म्हणून पाहावं. हसणं आपोआप थांबतं.
- डबा खाल्ल्यावर चूळ भरायला पाच मिनिटं द्या. ट्रे डबीतच ठेवायला सांगा. टिश्यूत गुंडाळलेला ट्रे थेट कचऱ्याच्या डब्यात जातो.
- तोंडी परीक्षेत उच्चाराचे गुण कापण्याआधी एकदा विचारा.

पालकांसाठी

नवी जोडी शुक्रवारी रात्री घालता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. म्हणजे अवघड दिवस शनिवार-रविवारी निघून जातात. ट्रे घातलेला असताना फक्त साधं पाणी प्यायचं. चहा नाही, सरबत नाही. ट्रे धुवायलाही गरम पाणी नको, प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

वक्तृत्व स्पर्धा असेल, किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात नाहीतर गिरगावच्या साहित्य संघात बालनाट्याचा प्रयोग असेल, तर ट्रे ठेवायचा की थोडा वेळ काढायचा हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. जे ठरेल तशीच तालीमही करा. तालीम ट्रेसकट आणि प्रयोग ट्रेशिवाय झाला, तर जीभ ऐन वेळी गोंधळते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन-चार आठवड्यांनंतरही फरक पडला नाही, ट्रेची कड जिभेला टोचते आहे किंवा ट्रे सैल बसतो आहे, तर ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवा. कड घासून गुळगुळीत करणं हे त्यांच्यासाठी काही मिनिटांचं काम असतं. घरी कात्री चालवू नका. उच्चाराची अडचण अलाइनरच्या आधीपासूनच असेल, तर दात सरळ झाले की बोलणंही सुधारेल असं गृहीत धरू नका. तिथे वाक्-उपचारतज्ज्ञ हवेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाक् आणि श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दातांसाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर तिथे जाऊन तारांच्या उपचाराची चौकशी जरूर करावी. दात सरळ करायला अलाइनरच हवा असं नाही, पुष्कळ मुलांना ताराच जास्त योग्य असतात.

येत्या आठवड्यात स्टेशनांचा उपक्रम अख्ख्या वर्गाकडून करून घ्या. कुणाच्या तोंडात ट्रे आहे हे विचारायचंच नाही. प्रत्येकाने एक स्टेशन म्हणायचं, त्यातल्या अक्षरांची उच्चारस्थानं फळ्यावर लिहायची. व्याकरणाचा तास होईल, आणि एखाद्या गप्प झालेल्या मुलाला सगळ्यांबरोबर तोंड उघडायची संधीही मिळेल.