मनाचा आजार : लाज कशाची?

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. मन आजारी पडले की मात्र देवऋषी गाठतो, नाहीतर दार लावून घेतो. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. नेहमी हसून बोलणारा खातेदार एकाएकी अबोल होतो. झोप उडते, जेवण तुटते, कशात मन लागत नाही. लोक म्हणतात, 'कर्जाचा घोर लागला.' हा घोर दोन आठवडे हटला नाही, तर तो नैराश्य हा आजार असू शकतो.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठविले. समुपदेशक व गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांची जोड दिली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे शेकडा ४ होते, ते १८ महिन्यांत २७ झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५ वरून अडीचवर आले. म्हणजे आपुलकीने विचारणारा माणूस हीच उपचाराची पहिली पायरी होय.

औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

बंधू-भगिनींनो, विद्यार्थी मित्रांनो, शेजारचा माणूस अबोल झाला तर त्याला वेडा म्हणू नका. जवळ बसा, विचारा आणि दवाखान्यापर्यंत सोबत जा.