टकिला चाखतात कशी? रंगापेक्षा वास आणि मागे राहणारी चव जास्त का सांगते?

हातावर मीठ, बोटांत लिंबाची फोड आणि एका दमात रिकामा होणारा छोटा ग्लास. टकिला म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण अशी प्यायल्यावर टकिलाची चव जवळपास कळतच नाही. मीठ आणि लिंबू जिभेचा ताबा घेतात आणि घोट तोंडात थांबतही नाही.

मग महागडी बाटली त्या किमतीची आहे का, हे ओळखायचं कसं? जाणकार त्यासाठी तीन गोष्टी पाहतात: वास, चव आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी चव, म्हणजेच फिनिश.

टकिला नेमकी कशाची?

टकिला निळ्या अगावे या वनस्पतीपासून बनते. आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारं, दोरासाठी वापरलं जाणारं घायपात याच कुळातलं. १९७४ पासून टकिला या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. मेक्सिकोतलं हालिस्को राज्य आणि इतर चार राज्यांतले ठरावीक भाग सोडून कुठेही बनलेल्या दारूला हे नाव लावता येत नाही.

हे झाड तयार व्हायला साधारण ६ ते ८ वर्षं लागतात. पानं छाटून उरलेला गाभा शिजवला की त्यातल्या इन्युलिनची साखर होते. रस आंबवून तो किमान दोनदा ऊर्ध्वपातित करतात. म्हणूनच चांगल्या टकिलात शिजवलेल्या अगावेचा गोडसर वास यायला हवा. भाजलेलं रताळं आठवलं, तर अंदाज येईल.

लेबलवर '१०० टक्के अगावे' लिहिलेलं नसेल, तर त्यातली ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसासारख्या दुसऱ्या स्रोतातून आलेली असू शकते.

रंगावर विश्वास का ठेवू नये?

ब्लांको टकिला पारदर्शक असते. ओकच्या पिंपात किमान २ महिने ठेवली की ती रेपोसादो, किमान १ वर्ष ठेवली की अन्येहो आणि किमान ३ वर्षं ठेवली की एक्स्ट्रा अन्येहो. पिंपात जितका काळ जास्त, तितका रंग साधारणपणे गडद.

पण मेक्सिकोच्या नियमांनुसार कॅरॅमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे घटक वजनाच्या १ टक्क्यापर्यंत मिसळता येतात, आणि तेवढ्या प्रमाणात ते लेबलवर सांगावे लागत नाहीत. म्हणजे सोनेरी रंग किंवा घशाखाली अलगद उतरणारा घोट हा दर्जाचा पुरावा नाही.

चाखायची कशी?

वास: तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडीशी टकिला ओतून काही मिनिटं थांबतात. नाक एकदम आत खुपसलं, तर फक्त अल्कोहोलचा झणका बसतो. तोंड किंचित उघडं ठेवून दुरून जवळ येत वास घेतला, तर अगावेसोबत लिंबाची साल, मिरी किंवा ओल्या मातीसारख्या छटा जाणवतात. पिंपातल्या टकिलात व्हॅनिला आणि लाकूड येतं, पण त्याखाली अगावे पूर्ण हरवायला नको.

चव: पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा काही सेकंद तोंडभर फिरवतात. वासात जे होतं, ते चवीत सापडतं का, हे इथे तपासायचं. नुसता केकसारखा गोडवा आणि व्हॅनिलाच जाणवला, तर शंका घ्यायला जागा आहे.

फिनिश: गिळल्यावर नाकाने श्वास सोडायचा, कारण चवीचा मोठा भाग खरं तर वासच असतो. अगावे आणि मिरीची ऊब हळूहळू विरत गेली, तर फिनिश चांगला. फक्त जळजळ किंवा चिकट गोडवा उरला, तर नाही.

सुरुवात कुठून?

ब्लांकोपासून. लाकडाचा आधार नसल्यामुळे तिच्यात अगावे आणि बनवणाऱ्याचं काम थेट कळतं. दोन ग्लास शेजारी ठेवून, कोणता कोणत्या बाटलीचा हे न सांगता चाखलं, तर किमतीचा प्रभावही पडत नाही.

टकिलात अल्कोहोल साधारण ३८ ते ४० टक्के असतं. त्यामुळे एकामागून एक नमुने तपासणारे व्यावसायिक बहुतेक घोट थुंकून टाकतात आणि मध्ये पाणी पितात. चव कळायला एक घोट पुरतो, ग्लास संपवावा लागत नाही.