तान्हा पोळा : लाकडी नंदीची पाठशाळा

पिठोरी अमावास्या हा वृषभराजाचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात बालगोपाळांचा पोळा भरतो. यालाच तान्हा पोळा म्हणतात. वैनगंगेच्या धानपट्ट्यातील शहापूरसारख्या गावांपासून भंडारा-नागपूरच्या शहरवस्त्यांपर्यंत या दिवशी लाकडी नंदी ओढीत निघालेली चिमुकली पावले दिसतात. वरवर हा खेळ. परंतु धर्मशिक्षणाची याहून गोड पद्धती क्वचितच आढळेल.

थोरांच्या पोळ्यात बालक सारे काही डोळ्यांनी टिपीत असते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यास आदल्या सायंकाळी तूप-हळद चोळली जाते. पोळ्याच्या दिवशी बैलास औत नाही, गाडी नाही. त्यास न्हाऊ घालावयाचे, सजवावयाचे आणि पुरणपोळीचा नैवेद्य द्यावयाचा. तोरणाखाली झडत्या रंगतात, महादेवाचे नाव निनादते. पाहिलेले सारे बालक दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने करून पाहते. चाकांवरचा लाकडी बैल रंगविणे, शिंगांना बेगड लावणे, चिंध्यांची झूल शिवणे, मण्यांची माळ ओवणे या उद्योगात त्याची बोटे गुंततात आणि जिभेवर प्रश्न येतात. नंदी महादेवाच्या गाभाऱ्यासमोरच का बसतो? घरची माणसे जेवण्यापूर्वी बैलास नैवेद्य का? आजी उत्तरे देते, आणि तीच त्याची पहिली पोथी ठरते. मग औक्षण होते, नंदी घरोघरी जातो आणि बालकाच्या हाती ‘बोजारा’ पडतो.

नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजीराजे यांनी १८०६ साली या उत्सवाचा आरंभ केला, अशी परंपरा सांगितली जाते. थोरांचा सण लहानांस त्यांच्या उंचीचा करून देण्यातले औदार्य तेव्हापासून विदर्भाने जपले आहे.

ही दृष्टी अन्य धर्मीयांतही आढळते. इटलीतील ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा गवताच्या गव्हाणीपाशी जिवंत बैल व गाढव आणून बांधले होते. आज आपल्या वसईतही नाताळात मुले असा गोठा रचतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कर्मठ ख्रिस्ती घरांत रविवारी खेळणी वर्ज्य असत. परंतु नोहाची लाकडी नौका आणि तिच्यातील प्राण्यांच्या जोड्या मुलांना दिल्या जात, कारण त्या बायबलातील कथा सांगत. धर्म कोणताही असो, कथा हातात आली की ती मनात उतरते.

मात्र आज या पाठशाळेवर एक सावट आहे. नांगरणी-चिखलणीस ट्रॅक्टर आला आणि अनेक गोठे रिते झाले. ज्याच्या प्रतिमेस बालक ओवाळते, तो बैल त्याने जवळून पाहिलेलाच नसतो. त्यातच स्पर्धांमुळे नंदीची उंची आणि किंमत वाढत चालली आहे. विकत आणलेल्या भव्य नंदीपुढे एखाद्या मजुराच्या लेकराने आपला ओबडधोबड बैल पाठीमागे लपवावा, यासारखे दुःख नाही. ज्या सणाने कष्टकऱ्याचा सन्मान शिकवावा, त्यानेच कष्टकऱ्याच्या मुलास खाली मान घालावयास लावू नये.

म्हणून माता-पित्यांना विनंती आहे. नंदी लहान असो, पण त्यावर बालकाचा हात फिरलेला असो. सुताराकडील टाकाऊ ठोकळा किंवा बांधावरची माती पुरे. जुन्या लुगड्याच्या काठाची झूल होते. वेसण, मोरकी, जू यांची नावे आजोबांकडून ऐकू द्यावीत. आणि शक्य तेथे त्यास खऱ्या बैलापाशी नेऊन एक घास भरवू द्यावा. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनी स्वहस्ते केलेल्या नंदीस पहिला मान द्यावा.

तीन दिवसांनी चतुर्थीस मातीचेच गणराय घरी येतील. भाद्रपद पौर्णिमेपासून मुली भुलाबाई-भुलोजी मांडतील आणि झाकलेला खाऊ ओळखण्याच्या खेळात शिव-पार्वतीचा संसार गाण्यांतून शिकतील. आपल्या पूर्वजांनी बालकांसाठी धर्म असा अंगणात आणून ठेवला आहे. दारी येणाऱ्या प्रत्येक इवल्या नंदीचे स्वागत सारख्याच प्रेमाने करावे, सारखाच बोजारा द्यावा. महादेवास ती पूजा निश्चित पोचेल.